अभयपत्राचा बाजार

इ. स. १६७९ च्या मार्च महिन्यांत इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या समक्ष एक विलक्षण प्रकार घडला. लॉर्ड चॅन्सेलर हेनेज फिंच याजपाशीं राज्याची थोरली मुद्रा असे. राजानें ती थैलींतून बाहेर काढावयास लाविली, आणि थैली वाहून नेणारा जो इसम होता त्याच्याच हातून ती एका कागदावर उमटवून घेतली. काम झालें, मुद्रा थैलींत गेली, थैली पुन्हा चॅन्सेलरच्या स्वाधीन झाली. पुढें कॉमन्स सभेनें या प्रकाराची चौकशी मांडली तेव्हां फिंचनें उत्तर दिलें तें असें कीं, तेवढ्या वेळापुरती ती मुद्रा आपल्या ताब्यांत होती असें आपण समजत नाहीं. इंग्लंडच्या घटनेचा इतिहास शिकवितांना या उत्तरापाशीं आम्ही नेहमी थांबतों. वर्गांत हंशा पिकतो. त्या पिढींतला कायद्याचा सर्वांत मोठा पंडित गणला गेलेला हा गृहस्थ; त्याच्या नाकासमोर मुद्रा उमटली, आणि तो म्हणतो, मी तेथें होतों खरा, परंतु त्या क्षणीं मी चॅन्सेलर नव्हतों! हंसून झाल्यावर मात्र विद्यार्थी विचारतात कीं, त्या कागदांत असें होतें तरी काय, कीं ज्याला शिवावयास एवढा मोठा अधिकारी भ्याला?

तो कागद म्हणजे राज्याचा मुख्य खजिनदार टॉमस ऑस्बोर्न, अर्ल ऑफ डॅन्बी, याला दिलेलें अभयपत्र होय. आपल्या जुन्या दफ्तरांतला हा शब्द आम्ही मुद्दाम योजतों. ‘माफी’ या शब्दांत गुन्हा आणि गुन्हेगार एवढेच दिसतात. ‘अभयपत्र’ म्हटलें कीं भय दिसूं लागतें. आणि इतिहास चाळतां असें आढळतें कीं, पुष्कळ वेळां तें भय घेणाराचें नसून देणाराचेंच असतें.

क्षमेचा अधिकार मुळांत वाईट, असें कोणी समजूं नये. ज्या काळीं बारा पेन्सांहून अधिक किंमतीची चोरी हा कायद्याच्या कागदावर फांशीचा गुन्हा होता, आणि आत्मसंरक्षणासाठीं किंवा चुकून ज्याच्या हातून माणूस मेलें त्यालाही निर्दोष सुटण्याची धड वाट नव्हती, त्या काळीं राजाची दया हीच काय ती न्यायाची खिडकी होती. कायदा आंधळा, म्हणून राजानें डोळस व्हावें, अशी ती व्यवस्था. परंतु खिडकी ठेविली कीं तिच्यांतून वाऱ्याबरोबर चोरही शिरणारच. पहिला एडवर्ड राजा लढाईस माणसें हवीं म्हणून फौजेंत चाकरी करणाऱ्या गुन्हेगारांस घाऊक अभयपत्रें देऊं लागला. लढाई संपली कीं तीच माणसें कागद खिशांत घालून गांवीं परत येत, आणि ज्यांनीं त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली होती त्यांच्या शेजारीं राहूं लागत. पार्लमेंट कुरकुर करी. १३२८ मध्यें कायदा झाला कीं, आत्मसंरक्षण किंवा अपघात यांवांचून खुनाला अभयपत्र देऊं नये. तो पाळला गेला नाहीं. १३९० मध्यें पुन्हा एक झाला कीं, खुनाचें अभयपत्र असेल तर त्यांत खुनाचा स्पष्ट उल्लेख असावा. या दुसऱ्या कायद्यांतील मख्खी वाचकांच्या ध्यानांत आलीच असेल. राजाला दया करण्यास बंदी नव्हती. दया कशाबद्दल करतों हें मात्र त्यानें उघड लिहावें, एवढेंच मागणें होतें. ज्या कृत्याचें नांव घ्यावयास लाज वाटते त्याला क्षमा करतांना हात थोडा तरी अडखळेल, अशी ती भाबडी आशा.

हात अडखळूं नये म्हणून नांवच न घेण्याची युक्ति पहिल्या जेम्सच्या कारकीर्दींत निघाली. रॉबर्ट कार, अर्ल ऑफ सॉमर्सेट, हा राजाचा लाडका. १६१५ च्या उन्हाळ्यांत त्यानें एका अभयपत्राचा मसुदा करविला, आणि त्यांत आजवरच्या यच्चयावत् अपराधांची क्षमा मागून ठेविली. कोणताही खटला नव्हता, आरोप नव्हता. चॅन्सेलर एल्समियर यानें मुद्रा उमटविण्याचें साफ नाकारलें. थोड्याच आठवड्यांत उघडकीस आलें कीं, दोन वर्षांपूर्वीं टॉवरच्या तुरुंगांत मेलेला सर टॉमस ओव्हरबरी यास विष घातलें होतें, आणि त्या विषाचा माग कारच्या बायकोपर्यंत पोंचत होता. विष पोंचविणारीं, देणारीं अशीं चार लहान माणसें १६१५ सालींच फांसावर गेलीं. कारची बायको फ्रान्सिस हिनें दुसऱ्या वर्षीं गुन्हा कबूल केला, नवरा दोषी ठरला. दोघांनाही राजानें जीवदान दिलें. कांहीं वर्षें टॉवरमध्यें काढून तीं बाहेर पडलीं. या खटल्यांत सरकारतर्फे उभा होता फ्रान्सिस बेकन. तो पुढें चॅन्सेलर झाला, लांच खाल्ल्याचें त्यानें १६२१ मध्यें कबूल केलें, त्याला ४० हजार पौंड दंड झाला, आणि राजानें तोही सोडून दिला. असो. या गोष्टींत एल्समियर तेवढा लक्षांत ठेवावा, कारण चौसष्ट वर्षांनीं त्याच जागेवर बसलेल्या फिंचला तेंच करतां आलें असतें.

आतां डॅन्बीकडे वळूं. हा मनुष्य साधुपुरुष नव्हता. पार्लमेंटच्या सभासदांस पगार आणि मानधनें चारून मतें जमविण्याची कला त्यानें चांगलीच वाढविली होती. तथापि फ्रान्सविषयीं त्याच्या मनांत खरा द्वेष होता, आणि नशिबाचा खेळ असा कीं, तो बुडाला तो फ्रान्सपायींच. १६७८ च्या मार्चच्या २० तारखेस फ्रान्सशीं युद्ध करण्याकरितां पैसा उभारण्याचा कायदा पार्लमेंटनें मंजूर केला. पांच दिवसांनीं, २५ तारखेस, डॅन्बीनें पॅरिसमधील इंग्रज वकील राल्फ माँटेग्यू यास पत्र लिहिलें: तह घडवून आणण्याबद्दल चौदाव्या लुईकडून तीन वर्षेंपर्यंत दरसाल ६० लक्ष लिव्हर मागावे. म्हणजे प्रजेकडून लढाईसाठीं पैसा घ्यावयाचा आणि शत्रूकडून न लढण्यासाठीं! पत्राच्या खालीं राजानें स्वतःच्या हातानें, हें पत्र आपणांस पसंत आहे, असें लिहून आपलीं आद्याक्षरें घातलीं होतीं. डॅन्बीला तें पत्र लिहावयाचें नव्हतें, असें मानण्यास जागा आहे. म्हणूनच त्यानें ती राजाची ओळ त्यावर मागून घेतली असावी. गुलामगिरींतही हिशेब ठेवणारे लोक असतात.

माँटेग्यूची वकिली पुढें गेली. रागावून तो स्वदेशीं आला, कॉमन्स सभेंत निवडून आला, आणि १९ डिसेंबर १६७८ रोजीं तीं पत्रें भर सभेंत वाचलीं गेलीं. स्वतः माँटेग्यूही लुईकडून पैसा घेणाराच होता, पण तो प्रश्न त्या दिवशीं कोणास सुचला नाहीं. डॅन्बीवर महाभियोग आला. राजानें आधीं सभा तहकूब केली, मग जानेवारींत अठरा वर्षें चाललेलें तें पार्लमेंटच बरखास्त केलें. मार्चमध्यें नवें भरलें तें जुन्याहून कडक. तेव्हां थैलींतून मुद्रा निघाली. २२ मार्च रोजीं राजानें दोन्ही सभांपुढें सांगितलें कीं, डॅन्बीनें जें केलें तें आपल्या हुकुमानें केलें, आपण त्यास क्षमा केली आहे, आणि तींत कांहीं उणें असल्यास दहा वेळां पुन्हा देऊं.

या भाषणांतील सरळपणाचें आम्हांला अजून कौतुक वाटतें. चार्ल्स हा ढोंगी खरा, पण या ठिकाणीं त्यानें नकळत सगळें रहस्य उघड केलें. इंग्लंडच्या घटनेचें एक सूत्र असें कीं, राजाच्या हातून अन्याय होत नाहीं. याचा अर्थ राजा देव आहे असा नव्हे. राजाला कोर्टांत खेंचतां येत नाहीं, म्हणून त्याच्या नांवानें जो हुकूम निघेल त्याबद्दल कोणीतरी मंत्री गळ्यापर्यंत जबाबदार असला पाहिजे, असा त्याचा व्यवहारी अर्थ. मंत्री म्हणूं लागला कीं मला राजानें सांगितलें, तर त्याला उत्तर, कीं तूं ऐकावयाचें नव्हतेंस. आतां याच मंत्र्याला राजा अभयपत्र देऊं लागला, तर साखळीची शेवटची कडी तुटली. हुकूम देणाऱ्याला धरतां येत नाहीं आणि हुकूम पाळणारा माफ! डॅन्बीला वांचविण्यांत राजानें खरोखर स्वतःच्या त्या एका ओळीला वांचविलें. महाभियोग चालला असता तर साक्षी-पुराव्यांत ती ओळ मोठ्यानें वाचली गेली असती.

कॉमन्सचे कायदेपंडित मोठे हुषार. त्यांनीं मुद्दा काढला तो आम्हांला अतिशय मार्मिक वाटतो. साधा फौजदारी खटला राजाच्या नांवानें चालतो, म्हणून राजाला तो सोडून देतां येतो. आपली फिर्याद आपण मागें घेतल्यासारखेंच तें आहे. परंतु त्या काळीं मेलेल्या माणसाचे आप्त स्वतःच्या नांवानें खुनी माणसावर फिर्याद चालवूं शकत, आणि अशा फिर्यादींत राजाचें अभयपत्र चालत नसे. महाभियोग हा इंग्लंडच्या समस्त प्रजेच्या नांवानें आणलेला. प्रजा फिर्यादी, राजा नव्हे. तेव्हां त्यांत राजानें क्षमा करणें म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणें होय. ५ मे १६७९ रोजीं कॉमन्सनें ठराव केला कीं हें अभयपत्र बेकायदा व निरर्थक आहे. तेथून पुढें वाद कामकाजाच्या पद्धतीवर घसरला. महाभियोगांत बिशपांनीं मत द्यावें कीं नाहीं यावर दोन्ही सभा भांडत बसल्या. राजानें तें पार्लमेंटही मोडलें. डॅन्बीची मात्र मोठी गंमत झाली. एप्रिलमध्यें तो स्वतः हजर झाला होता. टॉवरमध्यें जो गेला तो १६८४ च्या फेब्रुवारींत जामिनावर सुटेपर्यंत तेथेंच. राजाची क्षमा खिशांत, आणि मुक्काम तुरुंगांत! खटला नाहीं, शिक्षा नाहीं, सुटकाही नाहीं.

येथवर जें झालें त्यांत पैसा दृष्टीस पडत नाहीं. तो पाहावयाचा तर सहा वर्षें पुढें जाऊन पश्चिम इंग्लंडांतील टॉन्टन गांवीं यावें लागतें. चार्ल्स वारला, भाऊ जेम्स गादीवर आला, आणि ड्यूक ऑफ मॉन्मथनें बंड केलें. ६ जुलै १६८५ रोजीं सेजमूर येथें त्याचा मोड झाला. मग सरन्यायाधीश जेफ्रीज त्या प्रांतांत फिरला. सुमारें तेराशेंहून अधिक कैदी त्याच्यापुढें उभे राहिले. तीनशेंच्या आसपास फांसावर गेले, आठशेंच्या वर वेस्ट इंडीजच्या मळ्यांवर दहा वर्षांच्या गुलामगिरीस पाठविले. हे आकडे शाळेच्या पुस्तकांतही असतात. पुस्तकांत क्वचितच असतें तें हें कीं, हे आठशें कैदी राजानें दरबाऱ्यांस शेंकड्यानें वांटले. जेफ्रीजनें स्वतः राजाला लिहिलें कीं, एकेक कैदी १० पौंडांस, किंबहुना १५ पौंडांस जाईल, तेव्हां देतांना विचार करावा. दयेचा भाव न्यायाधीशानेंच ठरविला.

आतां भाव ठरला म्हणजे दलाल येणारच. जॉर्ज पेन नांवाचा एक मनुष्य या धंद्यांत पुढें होता. एका पाद्र्याचा मुलगा अझारिया पिन्नी बंडांत सांपडला होता. त्याच्या घरच्या हिशेबाच्या वहींत पेनला भावाच्या सुटकेबद्दल ६५ पौंड दिल्याची नोंद आहे. एवढे देऊन फांशी टळली. देश सोडावा लागलाच. तो नेव्हिस बेटांत गेला, आणि पुढें त्याच्या घराण्यानें साखरेच्या मळ्यांवर, म्हणजे दुसऱ्यांच्या गुलामगिरीवर, अलोट संपत्ति मिळविली. जातां जातां एक गोष्ट सांगावीशी वाटते. मेकॉलेनें आपल्या इतिहासांत या व्यवहारांतल्या एका पत्रावरून पेन्सिल्व्हानियाचा संस्थापक विल्यम पेन याला दोषी धरलें. पत्रावर नुसतें ‘मिस्टर पेन’ असें नांव होतें. तो पेन म्हणजे हा दलाल जॉर्ज असावा, असें टीकाकारांनीं पुष्कळ पुराव्यानिशीं दाखविलें. मेकॉलेनें शेवटपर्यंत ऐकलें नाहीं. आमच्या तरुणपणीं आम्हीही मेकॉलेच्या भाषेच्या ओघांत तो आरोप वर्गांत सांगत असूं. एका सत्पुरुषावर तीं चार वर्षें आमच्या तोंडून जो अन्याय झाला त्याची भरपाई येथें करून टाकतों.

तें पत्र होतें टॉन्टनच्या मुलींसंबंधीं. बंडाच्या ऐन भरांत गांवच्या शाळेंतील मुलींनीं निशाणें भरून मॉन्मथला अर्पण केलीं होतीं. मुलीच त्या; मास्तरणींनीं सांगितलें, त्यांनीं कशिदा काढला. या मुलींची ‘क्षमा’ राजानें राणीच्या दासींना बक्षीस दिली! दासी म्हणजे थोरामोठ्यांच्याच लेकी. त्यांनीं मुलींच्या आईबापांकडे ७ हजार पौंडांची मागणी केली. शेवटीं त्याहून बऱ्याच कमी रकमेवर तडजोड झाली. एडमंड प्रिडो नांवाच्या एका जमीनदाराविरुद्ध तर शाबीत होण्याजोगा पुरावाच नव्हता. खटला न चालवितां त्याला अडकवून ठेविलें आणि त्याच्या सुटकेचें दान जेफ्रीजच्या पदरांत पडलें. प्रिडोनें सुमारें १५ हजार पौंड मोजले. जेफ्रीजनें त्या पैशांतून जमीन घेतली. लोक तिला बायबलांतील, रक्ताच्या मोलानें घेतलेल्या शेताचें नांव देत. याच गांवीं, याच दिवसांत, ज्याच्यापाशीं मोजावयास कांहीं नव्हतें तो विणकर किंवा शेतमजूर चौरस्त्यावर लटकत होता. क्षमा विकली जाते तेव्हां श्रीमंत सुटतो एवढेंच होत नाहीं. सुटण्याची किंमत यावी म्हणून आधीं धाक वाढवावा लागतो, निरपराध माणसालाही आंत घ्यावें लागतें. प्रिडोचा अपराध कोणता, तर त्याच्यापाशीं १५ हजार पौंड होते.

१६८८ मध्यें राज्यक्रांति झाली. जेम्स पळतांना थोरली मुद्रा टेम्स नदींत टाकून गेला. ती पुढें एका कोळ्याच्या जाळ्यांत सांपडली. विल्यमला बोलावणाऱ्या सात जणांत आमचा डॅन्बी होताच. तो मार्क्विस झाला, ड्यूक झाला, आणि १६९५ मध्यें त्याच्यावर पुन्हा महाभियोग आला. या वेळचें कारण आपल्याला अधिक जवळचें आहे. ईस्ट इंडिया कंपनीनें सनद टिकविण्याकरितां दरबारांत पैसा पेरला होता; त्यांतल्या सुमारें ५ हजार गिन्या डॅन्बीच्या चाकराच्या हातीं पोंचल्याचें निघालें. चाकर देश सोडून पळाला, साक्षीदारावांचून खटला रखडला, अधिवेशन संपलें. दोनदां महाभियोग होऊन एकदांही निकाल न लागलेला हा मनुष्य १७१२ मध्यें ऐंशी वर्षांचा होऊन, ड्यूक म्हणून, बिछान्यावर मेला. पण त्याच्या अभयपत्रानें एक काम करून ठेविलें. १७०१ मध्यें राज्याच्या वारशाचा जो कायदा झाला त्यांत एक लहान कलम घातलें गेलें: कॉमन्सनें आणलेल्या महाभियोगाला थोरल्या मुद्रेचें कोणतेंही अभयपत्र आडवें येणार नाहीं. शिक्षा झाल्यावर राजानें दया करावी. खटलाच बंद पाडूं नये. एवढा भेद करावयास बावीस वर्षें लागलीं.

हेंच कलम अटलांटिक ओलांडून गेलें. १७८७ मध्यें अमेरिकनांनीं आपली घटना लिहिली तेव्हां अध्यक्षाला क्षमेचा अधिकार दिला, महाभियोग तेवढा वगळला. दुसऱ्या वर्षीं व्हर्जिनियाच्या सभेंत जॉर्ज मेसन यानें विचारलें कीं, अध्यक्षानें स्वतःच सुचविलेल्या गुन्ह्यांना तो क्षमा करूं लागला तर? चौकशी होण्यापूर्वींच क्षमा करून त्यानें तोंडें बंद केलीं तर? मॅडिसननें उत्तर दिलें कीं, तसा संशय आल्यास प्रतिनिधिसभा त्याच्यावरच महाभियोग आणील. उत्तर कागदावर बिनतोड आहे. मेसनचा प्रश्न मात्र अद्याप जिवंत आहे. १९७४ च्या सप्टेंबरांत अध्यक्ष फोर्डनें निक्सनला त्याच्या साऱ्या कारकीर्दींत केलेल्या किंवा केलेल्या असूं शकतील अशा सर्व अपराधांची क्षमा दिली. त्यांत सौदा होता असें सिद्ध झालेलें नाहीं, आणि फोर्डचा हेतु शुद्ध असावा असें आम्हांलाही वाटतें. परंतु तें वाक्य वाचतांना रॉबर्ट कारच्या मसुद्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

हेतूविषयीं शंका घेण्याचें कारणच उरूं नये असा प्रसंग त्याच देशांत, टेनेसी संस्थानांत घडला. तेथील क्षमामंडळाच्या अध्यक्षपदीं १९७६ मध्यें मारी रगियांटी या बाईंची नेमणूक झाली. तीन मुलांच्या या आईला पदाची गरज होती, आणि म्हणूनच ती मुकाट्यानें सह्या करील असा नेमणाऱ्यांचा कयास असावा. बाईंनीं पाहिलें कीं, कैद्यांच्या सुटकेचे कांहीं कागद मंडळाकडे येण्यापूर्वींच ठरलेले असतात. त्यांनीं सह्या नाकारल्या आणि केंद्रसरकारच्या तपासखात्याला कळविलें. १९७७ मध्यें गव्हर्नर रे ब्लँटन यानें त्यांना काढून टाकलें. बाईंनीं दावा लावला व जिंकला. १५ डिसेंबर १९७८ रोजीं तपासखात्यानें खूण केलेल्या नोटांसह गव्हर्नरच्या कायदेसल्लागारालाच पकडलें.

एवढ्यानें कोणीही शहाणा मनुष्य थांबला असता. ब्लँटनची मुदत २० जानेवारी १९७९ रोजीं संपत होती. १५ तारखेच्या रात्रीं त्यानें ५२ कैद्यांच्या शिक्षा माफ किंवा कमी केल्या. त्यांत आपली घटस्फोटित बायको आणि तिचा सोबती यांचा ज्यानें गोळ्या घालून जीव घेतला होता तो इसमही होता. त्याच्या पिस्तुलांत एका वेळीं दोनच गोळ्या बसत. त्यानें अठरा झाडल्या. त्याचा बाप गव्हर्नरच्या पक्षांतला जिल्ह्याचा वजनदार माणूस. त्याला सोडणार असें ब्लँटननें पूर्वींच जाहीर बोलून दाखविलें होतें. सही करतांना तो म्हणाला कीं, याला छाती लागते. साक्षीला बसलेला संस्थानाचा चिटणीस उत्तरला कीं, कांहीं जणांना अकलेपेक्षां छातीच जास्त असते.

आणखी कांहीं कागद तयार होत आहेत अशी वार्ता लागतांच १७ तारखेस सायंकाळीं, मुदतीपूर्वीं तीन दिवस, नव्या गव्हर्नराचा, लामार अलेक्झांडरचा, शपथविधि कोर्टाच्या इमारतींत घाईनें उरकण्यांत आला. ही मसलत चालविणारा सरकारी वकील आणि तिला संमति देणारे विधिमंडळाचे दोन्ही प्रमुख हे ब्लँटनच्याच पक्षाचे होते. आम्हांला या साऱ्या प्रकरणांत हेंच सर्वांत महत्त्वाचें वाटतें. फिंचनें जें केलें नाहीं तें या तिघांनीं केलें. मुद्रा आपल्या ताब्यांत नव्हती असें म्हणण्याऐवजीं ती काढून घेतली. तथापि दिलेलें दान बहुतांशीं परत घेतां येत नाहीं. दोन खुनांचा तो अपराधी सुटला तो सुटलाच. ब्लँटनला पुढें शिक्षा झाली ती दारूच्या परवान्यांच्या भानगडींत, अभयपत्रांबद्दल नव्हे.

आपल्याकडे हा अधिकार घटनेच्या ७२ व्या व १६१ व्या कलमांनीं राष्ट्रपति आणि राज्यपाल यांस दिलेला आहे. मुंबईकरांना नानावटी खटल्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण ती बहुधा पिस्तुलाची आणि प्रेमप्रकरणाची. आम्हांला आठवतो तो ११ मार्च १९६० हा दिवस. मुंबईच्या उच्च न्यायालयानें कमांडर नानावटी यांस जन्मठेप सांगितली, आणि त्याच दिवशीं राज्यपालांचा हुकूम निघाला कीं, सर्वोच्च न्यायालयांतील अपिलाचा निकाल होईपर्यंत शिक्षा तहकूब ठेवावी व आरोपीला आरमाराच्या कोठडींतच राहूं द्यावें. पकडवॉरंट घेऊन गेलेला माणूस हात हलवीत परत आला. ५ सप्टेंबर रोजीं सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध एक मतानें सांगितलें कीं, प्रकरण आपल्यापुढें असतां राज्यपालांचा असा हुकूम चालूं शकत नाहीं. मधल्या काळांत मुंबई राज्यच दुभंगून महाराष्ट्र जन्मास आला होता. पुढें १९६४ मध्यें राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनीं नानावटींस माफी दिली. त्याच सुमारास आयात-परवान्यांच्या प्रकरणांत शिक्षा झालेले सिंधी व्यापारी भाई प्रताप यांसही माफी मिळाली. एका समाजाचा मनुष्य या पारड्यांत, दुसऱ्याचा त्या पारड्यांत, अशी लोकांत तेव्हांही चर्चा होती. लांच कोणीं घेतल्याचा पुरावा नाहीं. पण तागडी होती, आणि ती न्यायाची नव्हती.

२००५ मध्यें आंध्र प्रदेशांत दोन खुनांच्या प्रकरणांतील एका शिक्षा झालेल्या इसमाची उरलेली शिक्षा मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावरून माफ झाली. त्याची पत्नी सत्तारूढ पक्षाची आमदार. सर्वोच्च न्यायालयानें शिफारशीचे कागद मागवून वाचले, तेव्हां एका अधिकाऱ्याच्या अहवालांत, हा पक्षाचा चांगला कार्यकर्ता आहे, असा शेरा सांपडला. ११ ऑक्टोबर २००६ रोजीं न्यायालयानें ती माफी रद्द केली आणि अर्जाचा नव्यानें विचार करण्यास सांगितलें. अर्ज घेऊन दिल्लीस गेला होता तो मारल्या गेलेल्या एका माणसाचा मुलगा. १६७९ चे कायदेपंडित ज्या जुन्या फिर्यादीचा दाखला देत होते, मेलेल्याच्या आप्तांची, जींत राजाची क्षमा चालत नसे, ती इंग्लंडांत १८१९ मध्यें कायद्यानें बंद झाली. आमच्या कायद्याच्या पुस्तकांत आतां त्या मुलाच्या नांवानेंच हा निकाल ओळखला जातो.